नदीनं टाकलेली जमीन

पाय घट्ट रोवा, वारा जोराचा आहे. साल १८६७. न्यूझीलंडच्या उत्तर बेटाचा पूर्व किनारा, हॉक्स बे. रॉईज हिल नावाच्या बुटक्या टेकडीवर तुम्ही उभे आहात आणि खाली नारुरोरो नदीला पूर आला आहे. पाण्याचा आवाज तर आहेच, पण कान नीट दिलात तर त्याच्याखाली आणखी एक आवाज सापडेल. जड, सलग, न थांबणारा. तो गोट्यांचा. पश्चिमेकडच्या कावेका आणि कायमानावा डोंगरांतून हा राखाडी, कठीण दगड नदीनं हजारो वर्षं फोडून, घासून, गोल करून खाली आणला. ग्रेवॅक म्हणतात त्याला. आज ती तो थरच्या थर रेटत चालली आहे.

पूर ओसरेपर्यंत थांबा. पाणी उतरतं तेव्हा नदी जागेवर नसते. जुनं पात्र सोडून तिनं नवी वाट धरली आहे आणि मागे उघडं पडलं आहे गोटे, खडी, वाळू आणि मधूनमधून गाळाचे पट्टे असलेलं सुमारे ८०० हेक्टरांचं पात्र. टेकडी उतरून त्यावर चालून बघा. बूट रुततो, घोटा मुरगळतो. काठीनं टोकरलंत तर खाली पुन्हा गोटेच. कुदळ मारलीत तरी गोटेच.

हा मुलूख नाती काहुंगुनू या माओरी जमातीचा. ओमाहूची त्यांची वस्ती इथून जवळच आहे. या नदीला ते पिढ्यान् पिढ्या ओळखतात. तिच्या मासळीवर, तिच्या पाणथळीवर जगतात. पण हेरेटाउंगाचं सपाट, सुपीक मैदान गोऱ्या मेंढपाळांच्या डोळ्यांत भरलं आहे. पुढच्या काही वर्षांत कर्जाच्या आणि कागदपत्रांच्या जोरावर ते माओरींच्या हातून जाईल, आणि १८७०च्या दशकात असे व्यवहार नाकारण्यासाठी इथे मोठी चळवळ उभी राहील. वाइनच्या गोष्टीत हा भाग बहुतेक वेळा गाळला जातो. तो गाळू नये, कारण पुढे जे काही होतं ते याच जमिनीवर होतं.

किनाऱ्याकडे गेलात तर मराठी माणूस म्हणून गावांची नावं ऐकून थबकाल. बंदराचं नाव नेपियर, सिंध जिंकणाऱ्या चार्ल्स नेपियरवरून. त्याच्या शेजारी मीआनी, म्हणजे १८४३ साली त्यानं जिथे लढाई जिंकली ते सिंधमधलं मियानी. एक गाव क्लाइव्ह. दुसरं हॅवलॉक, कानपूरला नानासाहेब पेशव्यांच्या फौजेवर चालून गेलेल्या सेनापतीच्या नावाचं. आणखी सहा वर्षांनी, १८७३ मध्ये, या मैदानात हेस्टिंग्ज वसेल. ज्याच्या कारकिर्दीत पहिलं इंग्रज-मराठा युद्ध लढलं गेलं आणि सालबाईचा तह झाला, त्या वॉरन हेस्टिंग्जच्या नावानं. आपल्याकडच्या पराभवांची नावं इथे पाट्यांवर आहेत, आणि त्या पाट्यांच्या मधोमध हे गोट्यांचं पात्र पडलं आहे. त्याला मात्र कोणीही नाव दिलेलं नाही.

आता थोडं पुढे चला. मीआनीला फ्रेंच पाद्र्यांचा मठ आहे. मेरिस्ट पंथाच्या या लोकांनी १८५१ साली हॉक्स बेमध्ये पहिल्या वेली लावल्या, मुख्यतः प्रार्थनेच्या वाइनसाठी. पण नदीकाठची गाळाची जमीन जितकी सुपीक तितकीच धोक्याची. १८९७च्या महापुरानंतर त्यांनी उंचावर सरकायचं ठरवलं. १९१० मध्ये मीआनीच्या रस्त्यावर उभे राहिलात तर एक विलक्षण दृश्य दिसेल. दोन मजली लाकडी मठ कापून त्याचे तुकडे केले आहेत आणि वाफेचं इंजिन एकेक तुकडा ओढत ग्रीनमेडोजच्या टेकडीकडे नेत आहे. ती इमारत आजही तिथे उभी आहे आणि ती वायनरीही चालू आहे. या परिसरातल्या शहाण्या माणसांना नदीपासून लांब जायचं होतं. तिच्या सोडलेल्या पात्रात वेल लावावी हे कोणाच्या स्वप्नातही नव्हतं.

१८९५ साली एक माणूस मात्र नीट बघून गेला. रोमिओ ब्रागातो. डाल्मेशियाचा, इटलीत शिकलेला, ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया सरकारच्या नोकरीतला द्राक्षतज्ज्ञ. न्यूझीलंड सरकारनं त्याला उसना मागून घेतला होता. त्यानं बेटं पालथी घातली, जमिनी पाहिल्या आणि अहवालात हॉक्स बेची मनापासून भलामण केली. त्याच्या भेटीनंतर वर्षभरात हॅवलॉकजवळ बर्नार्ड चेंबर्सनं ते माता इथे वाइन काढायला सुरुवात केली. ब्रागातो पुढे सरकारी नोकरीत इथेच आला. फायलोक्सेरा नावाची मुळं खाणारी कीड देशात शिरली आहे, तेव्हा वेली अमेरिकन खुंटांवर कलम केल्याशिवाय तरणोपाय नाही, हे तो जीव तोडून सांगत राहिला. ऐकून घेणारे थोडे होते. १९०९ मध्ये तो देश सोडून गेला.

त्यानंतरच्या काळात फार रेंगाळू नका. दारूबंदीच्या चळवळीनं देश व्यापला होता. एप्रिल १९१९च्या मतदानात मायदेशातली मतं मोजली तेव्हा बंदी जिंकली होती. परदेशात असलेल्या सैनिकांची मतं आली आणि निकाल फिरला. इतक्या थोडक्यात हा धंदा वाचला. मग ३ फेब्रुवारी १९३१, सकाळचे १० वाजून ४७ मिनिटं. तिथे थांबायची गरज नाही, पण जाता जाता मान खाली घाला. अडीच मिनिटांच्या धक्क्यात नेपियर आणि हेस्टिंग्ज कोसळली, २५६ माणसं गेली, खाडीचा तळ दोन मीटर वर उचलला गेला आणि समुद्र होता तिथे जमीन झाली. ग्रीनमेडोजच्या मठात प्रार्थनामंदिर पडून नऊ जण दगावले.

गोट्यांचं पात्र या सगळ्यात जसंच्या तसं आहे. १९७०चं दशक. एखाद्या रविवारी या. लांबून इंजिनांचा आवाज येतो. सपाट आणि निरुपयोगी जागा म्हणून इथे मोटारींच्या शर्यतीची धावपट्टी केली आहे. एका बाजूला कचराभूमी. एका बाजूला खडी काढणारी यंत्रं. मेंढपाळ सांगतात, इथे एका मेंढीला पोसायला तीन एकर लागतात. उन्हाळ्यात गवत करपतं, दगड तापतात, वर हवा थरथरते. कोणी ही जमीन विकायला काढली तर घेणारा खडीचा भाव करतो.

इथे मला एक म्हणायचं आहे. जमीन वाईट असते असं आपण सहज बोलतो, पण वाईट कशासाठी, हे विचारत नाही. द्राक्षाच्या वेलीला सुपीक जमिनीत, भरपूर पाण्यावर ठेवलं की ती पानं आणि काड्या वाढवत सुटते. घड सावलीत राहतात, मणी मोठे आणि पाणचट होतात. पाणी टिकत नाही, खत नाही, अशा जागी तीच वेल फांदी आवरते, मुळं खोल नेते आणि जे काही मिळतं ते घडात घालते. मणी लहान, साल जाड. लाल वाइनचा रंग, तुरटपणा आणि बहुतेक सुगंध सालीत असतात, म्हणून लहान मणी म्हणजे रसाच्या मानाने जास्त साल. त्यात दिवसभर तापलेला दगड संध्याकाळी उष्णता परत देतो. उन्हाळ्यात हा पट्टा आसपासच्या शिवारांपेक्षा दोन-तीन अंशांनी गरम असतो असं इथले बागायतदार सांगतात, आणि ३९ अक्षांशांवरच्या, समुद्राच्या गार वाऱ्याच्या देशात एवढा फरक म्हणजे द्राक्ष पिकणं आणि न पिकणं यांतलं अंतर.

हे पहिल्यांदा हेरलं ते ख्रिस पास्क या वैमानिकानं. डोंगरउतारांवर विमानातून खत फवारण्याचं त्याचं काम. १९८१ मध्ये त्यानं इथल्या गिम्बलेट रोडवर द्राक्षं लावली. पुढच्या एक-दोन वर्षांत जवळच्या मेरे रोडवर मातीचा अभ्यासक ॲलन लिमर आला आणि त्यानं स्टोनक्रॉफ्ट ही आपली बाग उभी केली. त्या काळात तिथे जाऊन उभे राहा. खड्डा खणायला पहार चालत नाही, रोप बसवायला दगड बाजूला काढावे लागतात, ठिबकच्या नळ्यांशिवाय एकही वेल जगत नाही. दोघांच्या शेजाऱ्यांना ते पटलं असेल असं वाटत नाही.

आणि आता मुख्य गोष्ट, म्हणजे सिरा ही द्राक्षाची जात.

हिच्यासाठी एक लांबची उडी मारावी लागेल. १८३१, फ्रान्स, ऱ्होन नदीच्या काठावरची हर्मिटेजची टेकडी. जेम्स बस्बी नावाचा एक स्कॉटिश गृहस्थ फ्रान्स आणि स्पेनमधून फिरत वेलींच्या काड्या गोळा करतो आहे. ऑस्ट्रेलियात त्यांची वाढ व्हावी म्हणून तो त्या सिडनीला पाठवणार आहे. त्यांत या टेकडीवरची सिराही आहे. ऑस्ट्रेलियात ती शिराझ झाली. बस्बी स्वतः पुढे न्यूझीलंडला ब्रिटिश रेसिडेंट म्हणून गेला आणि वैतांगीला त्यानं वाइन केली. सिराबद्दल पुष्कळ दंतकथा होत्या, इराणातल्या शिराझ शहरातून ती आली असं लोक छातीठोकपणे सांगत. १९९०च्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस विद्यापीठातल्या कॅरोल मेरेडिथ आणि फ्रान्समधल्या माँपेलिएच्या संशोधकांनी डीएनए तपासला आणि तो वाद मिटवला. आईबाप दोन्ही आग्नेय फ्रान्सचे: दुरेझा आणि मोंद्यूज ब्लांश. दोघांनाही जगात फारसं कोणी ओळखत नाही.

आता न्यूझीलंडला परत, १९८४. वायकाटोमधलं ते काउव्हाटा, जिथे एके काळी ब्रागातो काम करत असे ते सरकारी संशोधन केंद्र. हवा दमट, आभाळ गच्च. कोपऱ्यात सिराच्या काही वेली उभ्या आहेत. उशिरा पिकणारी जात. या हवेत तिचे घड पिकायच्या आधी कुजतात. न्यूझीलंडमध्ये सिरा होत नाही, असं सगळ्यांनी धरून चाललं आहे. देशात द्राक्षांचं उत्पादन नको तितकं वाढलं आहे. दोनच वर्षांनी सरकार पैसे देऊन वेली उपटायला लावेल आणि देशातला जवळजवळ चौथा हिस्सा उपटला जाईल. अशा वेळी लिमर येतो, त्या वेलींच्या काड्या घेतो आणि दगडांच्या शेतात नेऊन लावतो. मोजक्याच काड्या. त्या तिथे सुकल्या असत्या तर या देशातली सिराची गोष्ट कितीतरी वर्षं लांबली असती. १९८९ साली त्यानं पहिली विक्रीची सिरा काढली.

पण वेल लागली म्हणून जमीन वाचत नाही. त्याच सुमाराला खडी काढणाऱ्या एका कंपनीला या पात्रात मोठी खाण करायची होती. तुम्ही सुनावणीच्या खोलीत मागच्या बाकावर बसा. एका बाजूला रस्ते, इमारती, काँक्रीट, म्हणजे सरळ दिसणारी गरज. दुसऱ्या बाजूला मूठभर बागायतदार, ज्यांची वाइन अजून फारशी कोणी प्यायलेली नाही. मातीचे नमुने, निचऱ्याची मोजमापं, तापमानाच्या नोंदी टेबलावर येतात. मुद्दा साधा आहे: खडी इतर ठिकाणीही मिळेल, ही जमीन दुसरीकडे मिळणार नाही. हे भांडण वर्षानुवर्षं चाललं. लिमरनं त्यात स्वतःचा वेळ, पैसा आणि झोप घातली असणार, हे सांगायला कागद लागत नाही. अखेर ती खाण रोखली गेली. माझ्या मते न्यूझीलंडच्या वाइनच्या इतिहासातला हा सगळ्यात मोठा प्रसंग आहे, कोणत्याही सुवर्णपदकापेक्षा मोठा. वाइन करणारे पुष्कळ झाले. जमिनीसाठी साक्षीला उभे राहणारे कमी.

त्यानंतर माणसं भराभर आली. जॉन हॅनकॉक आणि विल्सन दाम्पत्यानं १९९३ मध्ये ट्रिनिटी हिल ही वायनरी सुरू केली. हॅनकॉकनं ऱ्होनच्या काठी जेरार झाबुले यांच्याकडे काम केलं, त्या हर्मिटेजच्या टेकडीवरच ज्यांच्या घराण्याची 'ला शापेल' ही वाइन तेव्हा होत असे. झाबुले १९९७ मध्ये अचानक गेले. ट्रिनिटी हिलची सगळ्यात नावाजलेली सिरा 'होमेज' त्यांच्या स्मृतीला वाहिलेली आहे आणि त्यांच्याकडून मिळालेल्या काड्यांच्या वेली तिच्यात आहेत. बस्बीनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी त्या टेकडीवरून पुन्हा काड्या आल्या. वॉरन गिब्सन आणि लॉरेन लेहेनी यांनी तर तुम्ही सुरुवातीला उभे होता त्या रॉईज हिलच्या उतारावरच सिराची बाग केली. 'ला कोलिना' हे तिच्या वाइनचं नाव. क्रॅगी रेंज वायनरीची 'ल सोल' ही सिरा २००१ पासूनची.

२००१ हे साल आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवण्याजोगं आहे. त्या वर्षी इथल्या बागायतदारांनी मिळून 'गिम्बलेट ग्रॅव्हल्स' या नावाचा ट्रेडमार्क घेतला आणि नकाशावर रेघ ओढली. वाइनच्या प्रदेशांच्या सीमा बहुधा तालुका, गाव, रस्ता, ओढा पाहून ठरतात. इथे त्यांनी फक्त मातीचा नकाशा समोर ठेवला. गोटे आहेत तिथपर्यंत आत, गाळ सुरू झाला की बाहेर.  त्या रेघेसाठी मला या लोकांबद्दल फार आदर वाटतो. शेजाऱ्याला नाराज करून ओढलेली ती रेघ आहे.

आता एप्रिल २०१३. हे वर्ष मी तुमच्यासाठी मुद्दाम निवडलं आहे, कारण त्या उन्हाळ्यात हॉक्स बे कोरडाठाक होता. दुष्काळानं मेंढपाळ हवालदिल झाले आणि द्राक्षं मात्र अप्रतिम आली. सकाळ गार आहे. जाळ्या गुंडाळून वर घेतल्या आहेत. पक्ष्यांपासून घड राखायला त्या लागतातच. ओळीत वाका. सिराचे घड लांबट, मणी बारीक, काळेभोर, वर पांढरी लव. एक मणी तोंडात टाका. आधी गोडी, मग साल चावताना जांभळासारखा तुरटपणा, मग बी. बी दातानं फोडून बघा: कडक, तपकिरी, भाजक्या चवीची. ती हिरवी असती तर अजून थांबावं लागलं असतं.

नाशिककडचा कोणी द्राक्ष बागायतदार तुमच्याबरोबर असता तर त्यानं आधी ओलांडे पाहिले असते आणि मग विचारलं असतं, छाटणी कधी? इथे छाटणी वर्षातून एकदाच, हिवाळ्यात, पानं गळून वेल झोपलेली असताना. आपल्याकडे ती झोपतच नाही. म्हणून एप्रिलमधली खरड छाटणी आणि पाऊस सरल्यावरची दुसरी छाटणी, आणि थंडी संपता संपता तोडणी. इथे वेलीला हंगाम सांगतो, आपल्याकडे कात्री सांगते. नाशिकच्या शिराझमध्ये ऊन आणि पिकलेपणा जास्त, इथल्या सिरात गारव्याची धार. एकाच जातीच्या या दोन वाइन शेजारी शेजारी ठेवून प्याव्यात, दोन्हींचा मान राहतो.

खुडलेले घड वायनरीत येतात. मणी देठांपासून सुटतात, काही ठिकाणी थोडे घड अख्खेच टाकतात. कुठे कुठे त्यांच्याबरोबर व्हियोनिये या पांढऱ्या द्राक्षाचा थोडासा वाटा आंबवतात. ही ऱ्होनचीच रीत, तिनं सुगंध खुलतो आणि रंगही पक्का बसतो. दोन-तीन दिवसांत टाकी जागी होते. तापते, फसफसते, साली वर तरंगून जाड थर धरतात. दिवसातून काही वेळा तो थर खाली दाबावा लागतो, नाहीतर तो सुकतो आणि रंग रसात उतरत नाही. टाकीच्या कडेला उभं राहून श्वास जपून घ्या, वर कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो. तरी त्या वाफेत एक वास येईल. काळ्या मिरीचा.

कल्पना म्हणून सांगत नाही. मिरीच्या दाण्यात जो रेणू असतो, रोटंडोन, तोच सिराच्या सालीत असतो. ऑस्ट्रेलियातल्या वाइन संशोधन संस्थेनं २००८ मध्ये तो सिद्ध केला. एका लिटर लाल वाइनमध्ये त्याचे अवघे १६ नॅनोग्रॅम असले तरी नाकाला कळतो. आणि तरी साधारण पाचातल्या एकाला तो अजिबात येत नाही. त्यांच्या नाकात त्याची दखलच घेतली जात नाही. गार हंगामात तो जास्त साठतो, फार उन्हात कमी. म्हणून या दगडांवर एक नाजूक तोल आहे: द्राक्ष पिकवण्याइतकी ऊब तर हवी, पण मिरी उडून जाईल इतकी नको. गोटे ऊब देतात, रात्रीचा समुद्र गारवा. हा तोल जिथे साधतो अशा जागा जगात थोड्या आहेत.

शेजारच्या टाक्यांत मर्लो, कॅबर्ने सोविन्याँ, मालबेक, कॅबर्ने फ्राँ. या पट्ट्यातल्या बहुतेक वेली लाल वाइनच्याच, आणि त्यांत मर्लो सगळ्यात जास्त. बोर्दोच्या धर्तीवरची मिश्रणं इथे अनेक वर्षं होतात आणि चांगल्या सालची खरोखर भारदस्त असतात. पण कॅबर्ने उशिराची. उन्हाळा गार गेला तर ती पुरती पिकत नाही आणि ग्लासात हिरव्या ढोबळी मिरचीचा वास राहतो. मर्लो लवकर येते, निभावून नेते, पण तिला ऐकण्यासारखं काही स्वतःचं बोलायला क्वचितच जमतं. सिरा दरवर्षी वेगळी होते आणि दरवर्षी सिराच राहते. या जमिनीचं खरं पीक ते. मर्लोच्या जागी आणखी सिरा लावावी असं मला वाटतं. क्षेत्र बघितलं तर देशातल्या सगळ्या वेलींत तिचा वाटा अजून जेमतेम एक टक्का आहे.

ती २०१३ची टाकी पिंपांत उतरेल, वर्ष-दीड वर्ष तिथे राहील. तुम्ही थांबू नका. एक रात्र अजून बघायची आहे.

१४ फेब्रुवारी २०२३ची पहाट. गॅब्रिएल चक्रीवादळ. तोडणी तोंडावर आलेली, मण्यांत पाणी उतरून गोडी भरत आलेली. पुन्हा रॉईज हिल, पुन्हा नारुरोरो. १८६७ नंतर माणसांनी तिला बांध घालून आवरलं होतं. आज ती बांध फोडते आणि ओमाहूत पाणी शिरतं. उत्तरेकडे एस्क नदीच्या खोऱ्यात गाळ घरांच्या छपरांपर्यंत चढतो, बागाच्या बागा गाडल्या जातात. लोक छपरांवर बसून राहतात. देशभरात ११ माणसं जातात. गोट्यांच्या जमिनीत पाणी साचून राहत नाही, हा तिचा जुना गुण त्या दिवसांतही होता. पण गाळानं जी बाग बुजली तिला त्या गुणाचा काय उपयोग? ज्या नदीनं हे शिवार दिलं तिला ते परत मागता येतं.

आणि तिचं देणं अजून चालूच आहे. रॉईज हिलपासून पुढे नदीचं पाणी या गोट्यांतून खाली झिरपतं आणि मैदानाखालच्या भूजलात जाऊन मिळतं. नेपियर-हेस्टिंग्जचं पिण्याचं पाणी तिथूनच येतं, वेलींच्या ठिबकचंही. म्हणून वर काय फवारलं आणि खालून किती उपसलं, याचा हिशेब इथल्या बागायतदाराला गावाला द्यावा लागतो. तो मागितला जातो हे मला योग्य वाटतं.

परत आलात की एक कराल का? नाशिकच्या वाइनलाही भौगोलिक मानांकन आहे, पण ते अख्ख्या जिल्ह्याला एका ओळीत बसवतं. दिंडोरीची मुरमाड चढण, निफाडची काळी जमीन, धरणालगतचा उतार, यांची शिराझ एकसारखी कशी असेल? दिंडोरीचं नाव बाटलीवर आलेलं आहे, त्याच्यापुढे जायचं बाकी आहे. पुढच्या वेळी तिकडच्या एखाद्या वायनरीत गेलात तर चव घेण्याआधी विचारा: ही द्राक्षं कोणत्या शिवारातली, आणि तिथे खणल्यावर काय लागतं? उत्तर येईपर्यंत विचारत राहा. पिणाऱ्यांनी विचारलं तरच कोणी तरी मातीचा नकाशा टेबलावर पसरेल.